मदत हवी आहे : हिप्परग्याच्या तलावावर पहाटे पक्ष्यांचे फोटो

नमस्कार मंडळी,

गेले तीन रविवार पहाटे साडेपाचला सोलापुरातलं घर सोडून तुळजापूर रस्त्यानं हिप्परगा तलावावर जातोय. थंडी पडली की पाहुणे पक्षी येतात. चक्रवाक आणि थापट्या ही बदकं, नशीब असेल तर मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस. वारकरी नावाची काळी पाणपाखरं तर काठाशी ढीगभर.

अडचण अशी, की उजाडायच्या आधी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) ३२०० केला तरी शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या वर जात नाही. ७०-३०० मिमीची झूम लेन्स आहे, तीनशेला तिचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं तोंड) एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. परवा एक शेकाट्या पक्षी अगदी समोर होता, लालभडक काडीसारखे पाय, चोचीच्या टोकाला थेंब लोंबत होता. घरी येऊन पाहिलं तर पाय स्पष्ट, मान हललेली. फार हळहळ वाटली.

आयएसओ ६४०० पर्यंत न्यावा का? की ऊन वर येईपर्यंत थांबावं? मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड) चिखलात रुततो, त्याखाली कुणी काय लावतं?

दुसरं, चालत गेलं की सगळा थवा पाण्यात सरकतो. एवढ्या लांबून आलेल्या पाखरांना माझ्या फोटोपायी उडवायचं नाहीये. काठावर एका जागी बसून राहायचं तर सूर्य पाठीशी आणि झुडपांचा आडोसा, दोन्ही मिळेल अशी जागा नेमकी कुठली? नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सांगा. येत्या रविवारी कुणी निघणार असेल तर मीही येतो.