सोलापुरात आयटीआयची नवी तुकडी कोणत्या ट्रेडची घ्यावी? रोजगाराचे आकडे कसे वाचायचे?

निदेशक_सोलापूर
पुढच्या सत्रापासून वीस जागांची एक तुकडी वाढवायची आहे. फिटर, टेक्स्टाइल मेकॅट्रॉनिक्स (कापड यंत्रांचं यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक काम एकत्र) आणि सुइंग टेक्नॉलॉजी (शिलाई) असे तीन पर्याय आहेत. महास्वयम् (राज्याचं) आणि एनसीएस (केंद्राचं) या रोजगार पोर्टलवरच्या जागांची बेरीज केली तर शिलाई कामगार सगळ्यात वर दिसतात. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत विचारलं तर सगळेच म्हणतात, "माणूस मिळत नाही." एवढ्यावर ठरवावं का?

आकडेमोड
नको. जाहिरातींची संख्या म्हणजे मागणी नव्हे. शिलाईच्या एकाच मशीनवर वर्षात चार जण येऊन गेले तर जाहिरात चारदा पडते, जागा मात्र एकच असते. मालक, पद आणि महिना लावून यादी आधी चाळा. तेच पद दर दोन-तीन महिन्यांनी परत येत असेल तर ती गळती आहे, आणि तिचं कारण बहुधा मजुरीचा दर किंवा पाळी असते. तिथे नवी तुकडी काढून काही साधत नाही. कामाचं ठिकाणही बघा, पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या जागा वेगळ्या काढा.

पीएलएफएसवरून (केंद्राची श्रमशक्ती पाहणी) राज्याची दिशा कळते. जानेवारी २०२५ पासून त्याच्या नमुन्यात जिल्हा हा मूळ घटक झाला, तरी सोलापुरात किती जॉबर (माग जुळवणारे-दुरुस्त करणारे कारागीर) लागतील हे त्यातून काढता येत नाही. वार्षिक उद्योग पाहणीत विजेवर चालणारे, दहा किंवा जास्त कामगारांचे कारखाने येतात आणि ईपीएफओचा (भविष्य निर्वाह निधी संघटना) आकडा साधारण वीस कामगारांच्या पुढचा. सहा-आठ मागांचा छोटा कारखाना या दोन्हींतून सुटतो. म्हणून फिरूनच माहिती घ्यावी लागते.

आणखी एक. मालक ज्याला जॉबर म्हणतो तो पोर्टलवर कुठे "टेक्निशियन", कुठे "मेंटेनन्स फिटर" असतो. एनसीओ-२०१५ (व्यवसायांचं राष्ट्रीय वर्गीकरण) चे चार अंकी गट लावा: माग चालवणारा ८१५२, शिलाई मशीन चालवणारा ८१५३, यंत्र दुरुस्त करणारा ७२३३. नाहीतर विणकर आणि जॉबर एकाच रकान्यात जातात.

टेरी_रॅपिअर
"माणूस हवाय का?" हा प्रश्नच विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. असं विचारा: शेवटची जागा भरायला किती दिवस लागले? पगार किती बोलला होता आणि माणूस कितीवर आला? आल्यावर त्याला नेमकं काय जमलं नाही? पन्नाशीपुढचे जॉबर किती? नवीन मशीनसाठी आगाऊ रक्कम भरली का? "घ्यायचा विचार आहे" म्हणाले तर शून्य लिहा. वाढीव वीजभारासाठी महावितरणकडे अर्ज गेला असेल तरच धरा.

आता खरी अडचण. साध्या मागाचा जॉबर पिकिंग, शटल, टॅपेट असे यांत्रिक भाग बघतो. आवाजावरून दोष ओळखतो. नव्या रॅपिअरवर (बिनशटलचा माग) लेट-ऑफ (ताणा सोडणं) आणि टेक-अप (कापड गुंडाळणं) सर्व्हो मोटरवर चालतात, ताण सेन्सर मोजतो, नक्षी काढणारं जकार्ड इलेक्ट्रॉनिक असतं. टॉवेलचा पाइल (वरचे लूप) कमी-जास्त पडायला लागला तर दोष पाइल बीमच्या ताणात आहे की सेन्सरच्या वायरीत, हे एकाच माणसाला शोधता यायला हवं. नुसता फिटर यांत्रिक भाग उघडतो, नुसता इलेक्ट्रिशियन वायर तपासतो, आणि तोवर माग बंद. टंचाई या दोघांच्या मधल्या माणसाची आहे.

आकडेमोड
अगदी बरोबर. मग हिशेब असा मांडा (आकडे केवळ नमुन्याचे). ४० कारखान्यांत ७२३३ चे १५० जण. वर्षाला निवृत्त ६, शहर किंवा काम सोडणारे ९, नव्या मशीनसाठी ५: एकूण २०. जुने माग भंगारात गेल्याने मोकळे होणारे ४ वजा करा. उरले १६. शेजारच्या कारखान्यात गेलेला माणूस "सोडून गेला" मध्ये धरू नका, ही चूक हमखास होते.

आता पुरवठा. वीसच्या तुकडीत समजा १७ पास, त्यातले ४ पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला, ६ पुण्याला. सोलापूरला मिळाले ७. मेकॅट्रॉनिक्स दोन वर्षांचा ट्रेड आहे. ऑगस्ट २०२६ ला आलेला मुलगा २०२८ ला बाहेर पडेल, तेव्हा मागणीही २०२८ चीच काढा.

निदेशक_सोलापूर
मग शिलाई सोडूनच द्यायची का? विडीकाम कमी झालेल्या महिलांसाठी तीच वाट आहे.

गणवेश_युनिट
सोडू नका, पण वर्षभराच्या ट्रेडऐवजी छोटा अभ्यासक्रम घ्या. गणवेशाच्या युनिटला पूर्ण कपडा शिवणारी नको असते. कॉलर, बाही, ओव्हरलॉक, काज-बटण यांपैकी दोन कामं वेगात करणारी हवी असते. कुंभारीच्या विडी घरकुलात पाहणी कराल तेव्हा प्रश्नावली तेलुगूतही न्या, आणि घरापासून किती लांब कामाला येता येईल हे विचारा. कित्येक जागा त्यावरच अडतात. मजुरी महिन्याची विचारू नका. नगाचा दर आणि दिवसाला निघणारे नग वेगवेगळे लिहा, म्हणजे दर कमी आहे की हाताला वेग नाही हे कळेल. प्रशिक्षणाने फक्त दुसरी अडचण, म्हणजे हाताचा वेग, सुटते.