बाबांनी शटरमध्ये तेल सोडलंय, जुना स्पीड ग्राफिक कॅमेरा वाचेल का?

वागळेचा_पोरगा (ठाणे)

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब होतेय, सांभाळून घ्या.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. कंपनी बंद झाली तेव्हा जे सामान भंगारात चाललं होतं त्यातली एक पेटी बाबा घरी घेऊन आले आणि ती वीसेक वर्षं माळ्यावर पडून होती. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय म्हणून माळा उपसला तर पेटीत हा कॅमेरा. कंपनीत मशिनींचे फोटो काढायला वापरायचे म्हणे. काळ्या कातड्याचा ठोकळा, पुढचं झाकण खाली पाडलं की त्यावर रूळ आणि रुळावरून लेन्स पुढे ओढायची, मागे बाजाच्या पेटीला असतो तसा भाता. पाठीला दुधी काच. लेन्सवर कोडॅक एकटार १२७ एमएम एफ ४.७ लिहिलंय, नंबर ईओ पासून सुरू होतो. बाजूला पत्र्याचा एक तक्ता आहे, ए बी सी डी आणि १ ते ६ असे आकडे, काही कळत नाही. सोबत फिल्म घालायचे तीन होल्डर.

आधी शहरातल्या एका रिपेअरवाल्याकडे दिला होता. दोन महिने ठेवून घेतला, "पार्ट येत नाय" म्हणून परत दिला, वर झाकणाचा एक स्क्रू गायब.

आता खरा प्रॉब्लेम. लेन्समधलं शटर स्लो स्पीडला अडकायचं, १ सेकंद लावलं की उघडून तसंच बसायचं. मी ऑफिसला गेलेलो असताना बाबांनी त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं. चार थेंब. त्यांचं म्हणणं जाम मशीनला आधी तेल, मग हातोडी. आता पाती एकमेकांना चिकटून अर्धीच उघडतायत. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पण काहीतरी दिसतंय. भात्याला कोपऱ्यात भोकं आहेत असं वाटतंय, तो नवीन घ्यावा लागेल का? आणि हा हातात धरून वापरता येतो की स्टँड लागतोच?

क्लिक_क्लिक_डोंबिवली

एवढा कुटाणा कशाला करता, माझ्या मेव्हण्याने अशाच एका जुन्या कॅमेऱ्याचा टेबल लॅम्प केलाय, हॉलमध्ये एक नंबर दिसतो.

तांबडा_दिवा (नेरूळ)

वरच्या मेव्हण्याला साष्टांग नमस्कार.

वागळे, पहिलं म्हणजे बाबांच्या हातातली तेलाची कुपी काढून घ्या. रागावू नका त्यांच्यावर, फिटर माणूस, त्यांच्या मशिनींना तेलच लागायचं. पण लेन्सच्या शटरची पाती कोरडीच चालायला हवीत. ती कागदासारखी पातळ असतात, मध्ये तेलाचा पापुद्रा बसला की दोन ओल्या काचा चिकटाव्यात तशी चिकटतात. स्प्रिंगमध्ये ती सोडवायची ताकदच नसते.

तुमच्याकडे अ‍ॅनिव्हर्सरी स्पीड ग्राफिक आहे. हे मॉडेल अमेरिकेत रॉचेस्टरच्या ग्राफ्लेक्स कंपनीनं १९४० ते ४७ मध्ये काढलं. लेन्सचं साल तुम्हीच लिहिलंय, फक्त तुम्हाला माहीत नाही. कोडॅकनं एकटार लेन्सवर साल अक्षरात लपवलंय, 'कॅमेरॉसिटी' (CAMEROSITY) या शब्दाची इंग्रजीतली दहा अक्षरं म्हणजे १ ते ९ आणि शेवटी ०. ई चौथं, ओ सहावं. म्हणजे १९४६. कॅमेऱ्याशी जुळतंय, लेन्स बहुतेक मूळचीच असणार.

या कॅमेऱ्यात दोन शटर असतात हे नीट डोक्यात ठेवा, सगळा घोळ तिथेच होतो. एक लेन्समध्ये, दुसरं मागे फिल्मच्या पुढ्यात, कापडी पडद्याचं. एकच लांब पडदा, त्यात वेगवेगळ्या रुंदीच्या फटी, ए सगळ्यात बारीक म्हणजे १/८ इंच आणि डी दीड इंच. १ ते ६ हे स्प्रिंगचं टेन्शन. चार फटी गुणिले सहा टेन्शन, असे २४ स्पीड, १/१० पासून १/१००० पर्यंत. तो तक्ता त्याचाच आहे. पडदा धड चालतोय ना, मग त्याला हात लावू नका, उघडू तर अजिबात नका. ती स्प्रिंग एकदा सुटली की जुळवताना रडाल. काम झालं की टेन्शन १ वर आणून ठेवायचं, ताणलेलं ठेवून झोपायचं नाही.

आता लेन्सचं शटर. लेन्सचा पुढचा आणि मागचा भाग हातानं फिरवून सुटतो. रबरी हातमोजे घालून पकड घ्या, पक्कड आणली तर मी इथून ओरडेन. दोन्ही भाग काढून बाजूला ठेवा, मध्ये नुसतं शटर उरेल. त्यात लायटरमध्ये भरतात ते फ्लुइड ड्रॉपरनं सोडायचं, वीस-पंचवीस वेळा शटर मारायचं, टिश्यूनं टिपायचं, परत सोडायचं. टिश्यूवर तेलाचा डाग येणं थांबेपर्यंत. पाच-सहा वेळा लागेल, तेल जास्तच झालंय. डायफ्रॅमची, म्हणजे लेन्सचं भोक लहान-मोठं करणारी पाती पण फिरवत राहा. हे बाल्कनीत करा, गॅस चालू असताना किचनच्या ओट्यावर नाही, वाफ पेट घेते. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, रंग खातं. सेल्फ टायमर असेल तर त्याला विसरा, जुन्या शटरमध्ये तोच अडकतो आणि सगळ्यांना घेऊन बसतो.

स्पीड तपासायला मोबाइलचा स्लो मोशन २४० फ्रेमवर लावा. १/३० असेल तर शटर साधारण ८ फ्रेम उघडं दिसायला हवं, १ सेकंदाला २४०. थोडं मागेपुढे असलं तरी चालतं, खरा आकडा चिठ्ठीवर लिहून लेन्सबोर्डाला (लेन्स बसते ती पाटी) चिकटवा आणि त्यानुसार एक्स्पोजर द्या.

जाळं म्हणजे बुरशी, खाडीकाठी राहून ती नसती तर नवल. पुढच्या-मागच्या काचांच्या बाहेरून पोचता येत असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन हलक्या हातानं, मग कोरडं. चिकटवलेल्या काचांच्या मध्ये गेली असेल तर सोडून द्या, थोडा कॉन्ट्रास्ट जाईल एवढंच. नंतर स्टीलच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. कातडी पेटीत ठेवाल तर पुढच्या पावसाळ्यात परत जाळं.

भाता_सम्राट (ऐरोली)

दिवाकाकांनी शटरचं सांगितलंच, मी भात्याचं सांगतो कारण माझ्या क्राउन ग्राफिक कॅमेऱ्याचा मीच केलाय. नवीन घ्यायची घाई करू नका. रात्री बाथरूममध्ये अंधार करून मोबाइलचा टॉर्च आतून लावा, भाता पूर्ण ताणा आणि कोपरे बघत जा, सरळ घडीवर भोकं कमी असतात, कोपऱ्यावर जास्त. जिथे तारा चमकेल तिथे खडूची खूण. काळा फॅब्रिक पेंट पातळ थरानं दोनदा द्या, मोठ्या भोकाला आतून छत्रीच्या काळ्या कापडाचा छोटा तुकडा चिकटवा. पूर्ण वाळेपर्यंत घडी घालू नका, मी घातली होती, भाता उघडेना, वेगळीच ष्टोरी.

दुसरं म्हणजे फोकस बघायची मागची दुधी काच कोणी उलटी बसवली नाहीये ना बघा. खरखरीत बाजू लेन्सकडे हवी. उलटी असेल तर काचेच्या जाडीएवढा फोकस चुकतो आणि माणूस लेन्सला शिव्या घालत बसतो. ४ बाय ५ इंचाच्या होल्डरमध्ये फिल्म ०.१९७ इंच आत बसते, म्हणजे ५ एमएम, खरखरीत बाजू तेवढीच आत हवी. ते झालं की गच्चीवर जाऊन येऊरच्या डोंगरावर फोकस करा आणि रुळावरचे इन्फिनिटीचे, म्हणजे लांबच्या फोकसचे, स्टॉप तिथे घट्ट करा. बाजूला काळा डबा असेल तर तो कॅलार्ट कंपनीचा रेंजफाइंडर, म्हणजे अंतर बघून फोकस करायचं यंत्र, तो त्यानंतरच जुळवायचा, आधी लांबचं, मग टेपनं मोजून जवळचं, मग परत लांबचं, कारण एक हलवलं की दुसरं थोडं सरकतं. एक अख्खा रविवार जातो.

हातात धरून? अहो त्यासाठीच बनवलाय. प्रेस फोटोग्राफर होमाय व्यारावाला साडी नेसून हाच कॅमेरा घेऊन दिल्लीत फिरायच्या, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी त्या, २०११ ला पद्मविभूषण मिळालं. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावर अमेरिकन सैनिक झेंडा उभारतानाचा १९४५ चा तो फोटो पण स्पीड ग्राफिकवरचाच. फक्त प्रत्येक होल्डरमध्ये दोनच फिल्म, पुढे-मागे एकेक. त्यामुळे खाडखाड मारत सुटता येत नाही.

फिल्म महाग आहे, सुरुवातीला एक्स-रे फिल्म वापरा. ८ बाय १० ची शीट तांबड्या उजेडात कापली की चार तुकडे होतात, फक्त दोन्ही बाजूनं दोनेक एमएम कमी कापा नाहीतर होल्डरमध्ये जाणार नाही. तिला दोन्हीकडे इमल्शन (उजेड टिपणारा थर) असतं म्हणून ट्रेमध्ये ओरखडे पटकन पडतात, तळाला काच ठेवा.

वागळेचा_पोरगा (ठाणे)

तीन आठवड्यांनी येतोय, सॉरी, शिफ्टिंग चालू होतं.

शटर सुटलं!! सात राउंड लागले. टिश्यूवर आधी पिवळं तेल आलं आणि मग काळं काहीतरी, बहुतेक १९४६ पासूनचं. १ सेकंद आता सव्वा सेकंद येतो, १/३० बरोबर आहे. बाबा बाल्कनीत शेजारी स्टूल टाकून बसले होते, शटर मारायचं काम त्यांनीच केलं, प्रत्येक वेळी मोठ्यानं मोजून. काच उलटीच होती, म्हणजे रिपेअरवाल्याचं काम ते.

पहिल्या दोन शीट पूर्ण कोऱ्या आल्या. बाबा म्हणाले "बघ, तेल काढलंस म्हणून". मी पण दोन दिवस केमिकललाच दोष देत होतो. मग लक्षात आलं, मागचा पडदा बंदच होता, मी लेन्सचं शटर मारत बसलेलो. दिवाकाका, तुम्ही लिहिलं होतं की घोळ तिथेच होतो, तरी केलाच.

तिसऱ्या शीटवर मासुंदा तलाव आला, गडकरी रंगायतनच्या बाजूनं, पाण्याजवळ एक कणीसवाला, त्याच्या शेगडीतली राख पण दिसतेय. फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात पांढुरका पट्टा आहे. भात्याचं भोक राहिलं का?

भाता_सम्राट (ऐरोली)

फोटो भारी! निगेटिव्हवर काळा पट्टा असेल तर उजेड शिरलाय हे नक्की, पण भात्यातूनच असं नाही. लाकडी होल्डर आहेत ना, डार्कस्लाइड (फिल्म झाकणारी सरकती पट्टी) जिथून आत जाते तिथली वेलवेट झिजते. तीच शीट कुठल्या होल्डरमध्ये होती ते बघा, दुसऱ्या होल्डरवर पट्टा आला नाही तर भाता निर्दोष. होल्डरना पेन्सिलीनं नंबर घाला.

वागळेचा_पोरगा (ठाणे)

बघतो आजच. बाबा विचारतायत, मागच्या पडद्याच्या स्प्रिंगला एकच थेंब चालेल का, आवाज जरा कोरडा येतोय म्हणतात.

तांबडा_दिवा (नेरूळ)

नाही.