निनावी नेटवर्कमध्ये मेसेजचा आयडी आणि पीअरची रांग, कसं हँडल करू?

खारघर_कोडर
लास्ट इयर प्रोजेक्ट आहे, गो भाषेत लिहितोय. सेंट्रल सर्व्हर नाही, प्रत्येक नोड (नेटवर्कमधला एकेक कॉम्प्युटर) दुसऱ्यांचे मेसेज पुढे ढकलतो, तीन हॉप (मधले तीन टप्पे), ओनियन टाइप एन्क्रिप्शन, म्हणजे कांद्यासारखे थर, प्रत्येक नोड आपला एकच थर काढतो. एकच मेसेज परत परत फिरू नये म्हणून हेडरमध्ये युनिक आयडी दिलाय आणि नोड तो मॅपमध्ये (मेमरीतली यादी) टाकून ठेवतो, पण मॅप वाढतच चाललाय. दुसरं म्हणजे एक मित्र कळव्याहून हॉटस्पॉटवर असतो, त्याचं नेट लटकलं की त्याचे मेसेज तुंबतात आणि बाकीच्यांचे पण अडकतात. सरांना विचारलं तर म्हणाले काफ्का (सर्व्हरवर चालणारं मेसेज रांगेचं सॉफ्टवेअर) वापर 😅

घोडबंदरी
काफ्का 🙏
मॅपचं नंतर बघू, आधी तो आयडी. तिन्ही हॉपवर तोच दिसत असेल तर एन्क्रिप्शन कितीही भारी लाव, पहिला आणि तिसरा नोड एकाच माणसाचे निघाले की आयडी जुळवला, खेळ खल्लास. ठाण्याला उतरून पनवेल गाडी पकडली पण अंगात तोच लाल शर्ट, मग मागावरच्याला काय त्रास? आयटूपी या निनावी नेटवर्कचं बघ, त्यात टनेल (नोडांचा ठरलेला रस्ता) मधून जाणारा मेसेज १०२८ बाइटचा, त्यात १६ बाइटचा आयव्ही (एन्क्रिप्शन सुरू करायला लागणारा रँडम आकडा), आणि तो दर हॉपला बदलून पुढे जातो. डुप्लिकेट आहे का ते नोड स्वतःकडे आलेला आयव्ही आणि डेटाचा पहिला ब्लॉक एक्सॉर करून (बिट बाय बिट मिसळून) ठरवतो, ब्लूम फिल्टर लावून, म्हणजे आधी पाहिलंय का ते कमी मेमरीत सांगणारी यादी. टनेल १० मिनिटांत मरतो म्हणून त्याआधीचं लक्षात ठेवायचं कारणच नाही, तुझा मॅप पण असाच आटोक्यात येईल. आणि साइझ सगळ्यांचा एकच ठेव हां, नाहीतर लांबीवरून ओळखतील.

सीवूड्स_नाइटशिफ्ट
रांगेचं सांगतो. प्रत्येक पीअरला (जोडलेल्या दुसऱ्या नोडला) वेगळं गोरूटीन (गो मधलं स्वतंत्र चालणारं काम), वेगळा चॅनेल (त्याची रांग), आणि चॅनेलला लिमिट. भरला की गो च्या सिलेक्टमध्ये डिफॉल्ट (जागा नसेल तर काय करायचं ते) टाकून मेसेज सरळ ड्रॉप कर, थांबायचं नाही. अमर्याद रांग म्हणजे हल्ल्याला आमंत्रण, २०१४ मध्ये टॉर या निनावी नेटवर्कवर स्नायपर अटॅकचा पेपर आला त्यात हेच होतं, क्लायंट डेटा मागत राहतो पण वाचत नाही, रिले (टॉरचा मधला नोड) बिचारा मेमरी संपेपर्यंत साठवत बसतो. त्यावर टॉरने उपाय काढला की मेमरी कमी पडली तर ज्या सर्किटच्या (नोडांमधून जाणारा रस्ता) रांगेत सगळ्यात जुना सेल (टॉरचं पॅकेट) अडकलाय ते आधी तोडायचं.

खारघर_कोडर
पण ड्रॉप केला तर मेसेज गेलाच ना? मधल्या नोडने परत पाठवायचा का?

घोडबंदरी
नाही रे. मधल्याला माहीतच नसतं मेसेज कोणाचा ते. ज्याने पाठवला त्याने वाट बघायची, पोच आली नाही तर नव्या की लावून पुन्हा थर चढवायचे आणि शक्यतो वेगळ्या रस्त्याने पाठवायचा. जुनंच पॅकेट जसंच्या तसं टाकलंस तर तुझाच डुप्लिकेट फिल्टर ते उडवेल, आणि उडवायलाच पाहिजे, कारण हल्लेखोर पण नेमकं हेच करतो, पकडलेलं पॅकेट पुन्हा सोडून कुठून बाहेर पडतं ते बघत बसतो.

सीवूड्स_नाइटशिफ्ट
+१. आणि पोच पण त्याच साइझच्या पॅकेटमधून पाठव, ते राहतं बऱ्याचदा.