घरात ठेवल्याशिवाय कळत नाही

काही डिझायनर ठरावीक उपयोग नसलेली यंत्रं बनवून लोकांच्या घरी ठेवतात. त्यावर कुणीतरी लिहिलंय, असली बिनकामाची यंत्रं घरी ठेवून काय कळणार, लोकांकडून फॉर्म भरून घ्या. नाही पटलं. डिझाइन-संशोधक बिल गेव्हर यांच्या गटाचं ड्रिफ्ट टेबल बघा. हे दिवाणखान्यातलं बुटकं टेबल: मधल्या छोट्या गोल पडद्यावर ब्रिटनची हवाई छायाचित्रं संथ सरकतात, टेबलावर ज्या बाजूला वजन ठेवाल त्या दिशेला. उपयोग घरच्यांनीच शोधायचा.

मी सोलापुरात, पूर्व भागात मावशीकडे सेलवर चालणारी एक डबी ठेवली होती. गोंगाट वाढला की तिचा दिवा विझायचा. शेजारी यंत्रमाग, त्यामुळे दिवसभर अंधारच. फसलं म्हणून उचलायला गेलो, तर मावशी म्हणाली, "राहू दे की रे! लाईट गेली की माग थांबतेत, अन् हा बरोब्बर लागतोय." (हे माझ्या डोक्यातही नव्हतं.) डबी अजून तिथंच आहे, शेंगाचटणीच्या बरणीशेजारी.