किशोर कादंबरी: पाचगणीची निवासी शाळा, दोन मुलं आणि पैशाची दरी

मृद्गंध: पंधरा-सोळाच्या वाचकांसाठी कादंबरी लिहितेय. पाचगणीतली निवासी शाळा, दहावीचं वर्ष, काळ २०१३-१४. एक विश्वस्तांचा मुलगा, दुसरा फलटणकडचा, फी-माफीवर शिकणारा. दोघांचं एकमेकांवर प्रेम. मसुद्यात श्रीमंत मुलगा खलनायक होत चाललाय, आणि सगळी कथा 'इतरांना कळेल का?' एवढ्यावरच लटकतेय. काय बदलू?

सह्यकडा: तो खलनायक नाही, बेफिकीर आहे. पकडले गेले तर त्याची फक्त शाळा बदलेल. दुसऱ्याची फी-माफी वर्तणुकीच्या अटीवर असते, ती जाईल. म्हणून पहिला चिठ्ठी बिनधास्त वहीत ठेवतो, दुसरा वाचली की फाडतो. गुपित एकच, किंमत वेगळी. तुमची कादंबरी इथे आहे. 'कळणं' पहिल्या एक तृतीयांश भागातच उरकून टाका, मग कोण काय भोगतो ते लिहायला जागा मिळेल.

दरी संवादांतून सांगू नका. जुलैत तिथे धुकं खोलीत शिरतं, कपडे वाळता वाळत नाहीत. गणवेशाचे पाच जोड असणाऱ्याला ते जाणवतही नाही, दोन जोडवाला दमट सदरा अंगावरच वाळवतो. भेटीच्या रविवारी एकाकडे गाडी येते. दुसऱ्याचे आईवडील एसटी चुकेल म्हणून डबा अर्धा असतानाच उठतात.

जुनी_पेठ: काळ नेमका निवडलाय, मग तो वापरा. समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत हा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ ला फिरवला आणि ते संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा लागू झालं. तो बुधवार होता. गुरुवारी वाचनालयात पेपर येणार, पूर्वपरीक्षा तोंडावर, आणि कुणीतरी ती बातमी मोठ्याने वाचणार. त्या वेळी या दोघांनी कुठे बघायचं? हा प्रसंग सोडू नका. आणि २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने हे संबंध गुन्ह्यातून वगळले, त्यानंतरची भाषा त्यांच्या तोंडी घालू नका. त्या डॉर्मिटरीत 'गे' ही शिवी म्हणूनच ऐकू येते.

मृद्गंध: गुरुवारचा प्रसंग घेतेच. शारीरिक जवळीक किती दाखवावी?

कलमदान: सूचक ठेवा. दोघं अठराच्या आतले आहेत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात त्या वयाच्या संमतीला अर्थ नाही, आणि प्रकाशकही तपशीलवार वर्णन छापणार नाही. हात, नजर, रात्री अभ्यासिकेत शेजारची खुर्ची धरणं, एवढं या वयाला पुरतं.

समुपदेशक 'हा आजार आहे' म्हणत असेल तर म्हणू द्या, पण त्याच प्रकरणात ते खोडणारं कुणीतरी हवंच. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. आणि कृपा करून शेवटी फी-माफीवाल्याला मारू नका. बोर्डाची परीक्षा त्याला देऊ द्या.