'जंटल' विज्ञानकथेला मराठीत काय म्हणावं?

दुधनाकाठ:
आमच्या परभणीच्या वाचनगटात महिन्यातून एकदा विज्ञानकथा वाचतो. लढाया, परग्रहावरची स्वारी असलं काही नसलेल्या. मागच्या वेळी एका सभासदाने स्वतःची वाचली. दूरच्या ग्रहावर एक म्हातारी आणि तिचा जुना यंत्रमानव. त्याच्या बोटांतली पकड सुटत चाललीय. ती रोज त्याच्यापुढे मेथीची जुडी ठेवते, तो एकेक पान खुडतो, ती थांबते. एवढंच. इंग्रजीत याला 'जंटल' म्हणतात. फलकावर मी 'मवाळ विज्ञानकथा' लिहिलं, तर एका ज्येष्ठांनी खोडून 'सौम्य' केलं. सौम्य तर भूकंपाचा धक्का असतो! तुम्ही काय म्हणाल?

जुनी पोथी:
'मवाळ' नको. लगेच जहाल आठवतात, 1907 चं सुरत आठवतं. 'हळुवार' घ्या.

माळवद:
हळुवार म्हटलं की भावगीत. माझं मत 'निवांत'ला. उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो. संध्याकाळी पाणी शिंपडलं तरी माती बराच वेळ गरम असायची. आजी म्हणायची, "जरा निवू दे रं, मग टाक वाकळ." निवांत हा त्या निवण्यातूनच आलेला आहे.

जुनी पोथी:
मूळ 'निवात', वारा नसलेली जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायात 'यथा दीपो निवातस्थो' आहे.

माळवद:
असेल. पण मला आजीचं निवणं सोडवत नाही.

औंढ्याचा:
निवांत तर वाचणारा असतो, कथा नाही. यंत्र बंद पडणार हे त्या म्हातारीला ठाऊक आहे, मग ती निवांत कशी? मी 'तरल' सुचवतो. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो होतेय, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, 4 किलोमीटरच्या दोन भुजा. कुठंतरी लांब दोन कृष्णविवरं आदळतात आणि इथं त्या भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीहूनही कमी फरक पडतो. तो टिपायचा. या कथा मला तशा वाटतात. आदळणं लांब राहतं, आपल्यापर्यंत फक्त थरथर येते.

जुनी पोथी:
संस्कृतात 'तरल'चा अर्थच थरथरणारं. चांगला शब्द काढलात.

प्रयोगवही:
आधी एक गाठ सोडवू. जंटल आणि सॉफ्ट एक नव्हेत. भौतिकशास्त्राच्या काटेकोर हिशेबावर उभी ती हार्ड; माणूस, समाज, भाषा यांवर उभी ती सॉफ्ट. हार्ड कथाही मायाळू असू शकते. मी 'कठीण' आणि 'मृदू' म्हणतो, पाण्यासारखं.

लातूरची सून:
पाण्याला कठीण कोण म्हणतं? आमच्याकडं बोअरचं पाणी जड असतंय, जडच म्हणतेत. तुरीची डाळ तासभर भिजवून चार शिट्ट्या केल्या तरी दाणा बोटात मोडत नाही.

प्रयोगवही:
क्रमिक पुस्तकात दुष्फेन आणि सुफेन आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही, म्हणून दुष्फेन. 'जड पाणी' म्हणजे अणुभट्टीतलं, ड्युटेरियमचं. गल्लत होते.

लातूरची सून:
कुणाची गल्लत? अणुभट्टी व्हायच्या आधीपासून आमच्या आडाला जड पाणी आहे. शब्द आमचा, नेला त्यांनी.

माळवद:
बरोबर. दुष्फेन परीक्षेपुरता, पेपर झाला की विसरला.

जुनी पोथी:
घडवलेल्या शब्दाला एवढं हिणवू नका. 'कृष्णविवर' घडवलेलाच. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी टोपणनावानं कथा पाठवली, तिचं नावच ते होतं. आज शाळकरी पोरं तो सहज वापरतात. शब्दाला कथा मिळाली की तो रुळतो. दुष्फेनला कुणी कथा दिली नाही.

दुधनाकाठ:
फलक उद्या रंगवायचाय. 'तरल' की 'मायाळू'?

प्रयोगवही:
मायाळूनं भजी आठवतील, वेलाची पानं.

औंढ्याचा:
आठवू द्या की. मेथी निवडणाऱ्या कथेला भाजीचं नाव चालेल.

माळवद:
लातूरच्या ताई, मग डाळीला करता काय? आमच्या नव्या घरीही तेच पाणी आहे.

लातूरची सून:
चिमूटभर सोडा घालतेत, पण चव जाते. सासूबाई पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली घागर लावायच्या. ते पाणी रांजणात वेगळं, फडकं बांधून, फक्त डाळीपुरतं. दुसऱ्या कशाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्याला त्या 'हलकं' म्हणायच्या.