'चेक्स अँड बॅलन्सेस'ला मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम:
अमेरिकी सिनेटर जोसेफ मॅकार्थीवरचा लेख एका मासिकासाठी अनुवादते आहे. 'चेक्स अँड बॅलन्सेस'पाशी, म्हणजे सत्तेच्या एका शाखेने दुसरीला आवर घालायच्या घटनात्मक व्यवस्थेपाशी, अडले. गंमत म्हणून संगणकाला विचारलं तर 'धनादेश आणि शिल्लक' आलं! पाठ्यपुस्तकातलं 'नियंत्रण व संतुलन' ठाऊक आहे, पण त्याला कुटुंबनियोजनाचा वास येतो. त्याच वाक्यात 'डेमागॉग'ही आहे. 'लोकानुनयी नेता' चालेल?

वऱ्हाडी ठेचा:
लोकानुनयी म्हणजे लोकांच्या कलाने वागणारा. डेमागॉग लोकांना पेटवतो. ग्रीकची फोड केली तर 'लोकांना नेणारा', म्हणजे चक्क लोकनायक! तसं छापलंत तर आमच्या यवतमाळच्या बापूजी अण्यांची आणि जयप्रकाशांची, दोघांचीही माफी मागावी लागेल.

शाईची दौत:
धनादेशाला हसू नका. बँकेतला चेक आणि हा चेक एकाच घरातले. मूळ फारसी 'शाह', बुद्धिबळातला राजा. अरबी-फ्रेंच वळसा घेऊन तो इंग्रजीत चेक झाला, आपल्याकडे 'शह'. घरात 'शह-काटशह' असताना संतुलन कशाला?

तळटीप:
शह-काटशह म्हणजे दोन गटांची कुरघोडी. राज्यघटनेबद्दल लिहिताना शोभेल? शिवाय फारसी. महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करून घेतला? सावरकरांचा 'महापौर' रुळलाच ना!

शाईची दौत:
अहो, कुरघोडीच अभिप्रेत आहे. अमेरिकी राज्यघटनेचा एक शिल्पकार मॅडिसन, त्याने १७८८ साली 'फेडरलिस्ट' या घटनेच्या बाजूने लिहिलेल्या लेखमालेच्या ५१व्या लेखात हेच मांडलं. माणसं देवदूत नाहीत, तेव्हा एकाच्या महत्त्वाकांक्षेवर दुसऱ्याची सोडा. 'नियंत्रण' म्हटलं की वर कुणीतरी नियंत्रक बसलेला दिसतो. इथे वर कुणीच नाही, हीच तर सगळी गंमत.

गडकोट_७२:
महाराजांचा विषय निघालाच आहे म्हणून. किल्ल्यावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे तिघे असत, मुद्दाम वेगवेगळ्या जातींचे. फितुरी करायची तर तिघांना एकत्र यावं लागे. याला शब्द नव्हता, पण वस्तू होती.

तळटीप:
आणि तिघांच्या वर महाराज होते. लोकशाहीत तो वरचा हातच संशयित असतो. तुलना चुकते आहे.

अर्धविराम:
माझ्या लेखात तर आणखी घोळ आहे. फेब्रुवारी १९५० मध्ये व्हीलिंगच्या भाषणात मॅकार्थी म्हणाला, सरकारात घुसलेल्या कम्युनिस्टांची यादी माझ्या हातात आहे. २ डिसेंबर १९५४ ला सिनेटने त्याचा निषेध केला, ६७ विरुद्ध २२ मतांनी. त्याच्या रिपब्लिकन पक्षाचे बरोबर निम्मे, २२ जण, त्याच्याविरुद्ध गेले. म्हणजे शह त्याच्याच सभागृहाने दिला, आणि तोही जवळजवळ पाच वर्षांनी. तोवर कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. 'संतुलन' लिहिताना हात अडखळतो तो यामुळेच.

शाईची दौत:
पट मांडलेला असला तरी सोंगटी कुणीतरी हलवावी लागते. हात जोडलेले असले तर ती हलत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीबद्दल सांगितलं ते हेच.

वऱ्हाडी ठेचा:
मग 'वेसण' म्हणा. ती घरचीच माणसं घालतात.

गडकोट_७२:
वेसण बैलाला, लगाम घोड्याला, अंकुश हत्तीला. पुढारी कोणता प्राणी ते आधी ठरवा.

वऱ्हाडी ठेचा:
ओढाळ गुरू! त्याच्या गळ्यात लोढणं. चरू देतं, पण पळायला लागलं की पायांत येतं. याहून चांगला 'चेक' दाखवा.

तळटीप:
लोढणं म्हणजे नकोसं ओझं. 'राज्यघटनेतील लोढणी' असं कोण छापेल? आणि 'ओढाळ गुरू' वाचून मला शाळेतले मास्तर आठवले. एकवचनी 'ढोर' लिहा.

वऱ्हाडी ठेचा:
'गुरू' ऐकून तुम्हाला मास्तर आठवतात, यात आमच्या गुराचा काय दोष? आजोळी असंच म्हणत.

अर्धविराम:
मंडळी, अंक सोमवारी छपाईला जातोय. 'डेमागॉग'चं राहिलंच.

गडकोट_७२:
लोढणं आणि लोंबणं एकाच धातूचे का हो?